पायऱ्या तुळजापूरच्या, मडकी तेरची

धाराशिव जिल्ह्याला जायची वाट सोपी आहे. सोलापूरला उतरलं की दोन रस्ते फुटतात. एक तुळजापूरला जातो, दुसरा हैदराबादच्या दिशेनं नळदुर्गाला. दोन्हीकडे तासा-सव्वातासात पोचतं माणूस. एस. टी. भरपूर आहेत आणि मार्च २०२३ पासून आपल्याला, म्हणजे बायकांना, अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. त्यामुळे "पैसे कुठून आणायचे" ही सबब घरच्यांनाही राहिली नाही आणि आपल्यालाही!

२०२३ सालीच या जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी धाराशिव झालं. त्याआधी हैदराबादच्या शेवटच्या निजामाच्या नावावरून ते उस्मानाबाद होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी अजून दोन्ही नावं येतात. नाव कोणतंही घ्या, आपली ओळख मात्र एकाच गावापुरती असते: तुळजापूर. लग्न झालं की जोडीनं पाया पडायला जायचं, मूल झालं की जावळाला जायचं, नवस बोलायला आणि फेडायला जायचं. ओटी भरली, प्रसाद घेतला, संध्याकाळच्या गाडीनं परत. बाकीचा जिल्हा खिडकीतूनच मागे जातो.

या खेपेला मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो, चांगल्या तीन दिवसांच्या सवडीनं निघालो. अक्कांचं वय छप्पन्न. घरातलं प्रत्येकाचं औषध त्यांना पाठ. भाऊजींच्या मधुमेहाच्या गोळ्या, सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब, नातवाचं टॉनिक, सगळं वेळच्या वेळी. "आणि तुमचं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीय?"

हे उत्तर आपल्या घरोघरचं आहे. म्हणून प्रवासाची हकीकत सांगता सांगता मी हृदयाच्या गोष्टीही सांगणार आहे. धाराशिवच्या मातीत त्या इतक्या ठिकाणी भेटतात, की मुद्दाम शोधाव्या लागत नाहीत.

नळदुर्गचा बांध

आधी नळदुर्ग. गावाला लागूनच किल्ला आहे. आत शिरल्यावर लांबच लांब तटबंदी दिसते, उंच बुरूज दिसतो. पण पाय ओढतात ते पाणी-महालाकडे. बोरी नदीवर दगडी बांध घालून, त्या बांधाच्या पोटातच हा महाल बांधला आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं हे काम. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून दोन मोठे धबधबे कोसळतात. एकाला नर म्हणतात, एकाला मादी. बाहेर पाण्याचा लोंढा आणि आत महालात माणूस कोरडा उभा! भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो.

चारशे वर्षं हा बांध पाण्याचा रेटा सोसतो आहे. कसा? भिंत मजबूत आहे हे खरंच, पण जादा पाण्याला वाटही ठेवलेली आहे. ती वाट नसती, तर भिंत कितीही जाड असून काय उपयोग?

आपल्या अंगातही असाच रेटा असतो. हृदय दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि प्रत्येक वेळी रक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब टाकतं. हाच आपला रक्तदाब. वरचा आकडा १२० आणि खालचा ८०च्या आसपास असावा. तो वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०-९० किंवा त्याच्या वर राहिला, की डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. वर्षानुवर्षं असा जादा रेटा बसला की रक्तवाहिन्या कडक होतात, आतून खरबरीत होतात, तिथं चरबी बसते. मग एक दिवस तिथं रक्ताची गुठळी अडकते. ती हृदयाच्या वाहिनीत अडकली तर झटका, मेंदूच्या वाहिनीत अडकली तर लकवा.

रेटा वाढवणाऱ्या गोष्टी ओळखीच्याच आहेत. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. वाढलेलं वजन, अपुरी झोप, सततची काळजी यांनी दाब चढतो. तंबाखूनं वाहिन्या आवळतात. तंबाखू म्हटलं की आपण पुरुषांकडे बघतो. पण या भागातल्या किती घरांत सकाळी चुलीपुढे बसून बायका मिश्री लावतात! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात स्वच्छ करायच्या नावाखाली ती दिवसातून चार-चारदा तोंडात जाते आणि तिथून रक्तात.

नळदुर्गाजवळच्या एका खेड्यात माझ्या मामेसासूबाईंचं माहेर आहे. तिथं जेवायला थांबलो. भिंतीवर त्यांच्या भावजयीचा हार घातलेला फोटो होता. वय पन्नाशीच्या आतलं. मामी सांगत होत्या, "संध्याकाळी स्वयंपाक करताना जबडा दुखतोय म्हणाली, पाठीत भरून आलंय म्हणाली. घाम फुटला होता. आम्ही म्हटलं पित्त झालं. ओवा दिला, सोडा दिला. 'छातीत नाही ना दुखत?' विचारलं, तर 'छातीत नाही' म्हणाली. रात्री सगळ्यांना वाढून, भांडी घासून निजली. पहाटे उठवायला गेलो तर..."

मामींनी वाक्य पुरं केलं नाही. अक्काही गप्प झाल्या.

भगिनींनो, हे नीट लक्षात ठेवा. सिनेमात झटका येतो तो छाती धरून कोसळणाऱ्या पुरुषाला. बायकांच्याही छातीत दुखतं, जड वाटतं, आवळल्यासारखं होतं. पण पुष्कळदा त्याबरोबर, किंवा त्याऐवजी, जबडा, मान, पाठ, खांदा किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो. धाप लागते, दरदरून घाम येतो, मळमळतं, कधी नव्हे इतका थकवा येतो. पित्त समजून यातच वेळ जातो. हृदयाच्या स्नायूचं रक्त तुटलं, की मिनिटामिनिटाला तो स्नायू मरत जातो. पहिल्या एक-दोन तासांत उपचार मिळाले तर बरंच वाचतं. म्हणून अशी लक्षणं एकाएकी आली तर चालत जाऊ नका, मोटारसायकलवर मागं बसून जाऊ नका. १०८ नंबर फिरवा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका फुकट येते. आणि दवाखान्यात गेल्यावर "ई. सी. जी. काढा" असं तोंडानं म्हणा. पित्तच निघालं तर आनंदच आहे. लाजायचं काय त्यात?

अणदूरची बाईमाणसं

नळदुर्गाजवळच, त्याच रस्त्यावर अणदूर. इथला खंडोबा मोठा गमतीचा आहे. मूर्ती एकच, पण देवळं दोन. वर्षातला बराच काळ देव अणदुरात असतो आणि थोडा काळ नळदुर्गाला पाहुणा जातो. दोन्ही गावांचे मानकरी रीतसर देणं-घेणं करून देवाची ने-आण करतात.

अणदूरची दुसरी ओळख हॅलो मेडिकल फाउंडेशन. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या जोडप्यानं इथं आरोग्याचं काम उभं केलं. खेड्यातल्याच, बेताचं शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या. साधं दुखणं घरच्या दारात बरं करायचं आणि मोठं दुखणं ओळखून वेळेवर पुढं पाठवायचं, हे त्यांचं काम. शहरातल्या माणसाला हे साधं वाटेल. पण डॉक्टर दहा-वीस मैलांवर असताना "हे पित्त नाही, हिला हलवा" असं ठामपणे सांगणारी बाई आळीत असणं, याची किंमत मामींना विचारावी.

याच काळात या भागावर मोठा घाला पडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर उमरगा आणि लोहारा भागातली गावंही जमीनदोस्त झाली. गणपती बोळवून माणसं नुकतीच निजली होती. त्या ढिगाऱ्यातून संसार उभे करायला ज्या बायका पुढं आल्या, त्यांच्यातूनच पुढं गावोगावचे बचत गट बांधले गेले. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्याबरोबर तेव्हापासून काम करते. तिच्या एका उपक्रमाचं मला फार कौतुक वाटलं. घरच्या शेतातला अर्धा-एक एकर बाईच्या नावानं, निदान बाईच्या मर्जीनं राखायचा आणि त्यात घरी खायचं पीक घ्यायचं. ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला, सगळं मिसळून, रासायनिक खताशिवाय. या कामासाठी संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांकडून इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तुम्ही म्हणाल, याचा हृदयाशी काय संबंध? फार आहे.

गाव न सोडता परदेशी

एके काळी जपानी लोकांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. तीन ठिकाणचे जपानी पुरुष तपासले: मायदेशातले, हवाई बेटांवर गेलेले आणि थेट अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जाऊन राहिलेले. वंश एकच. पण मायदेशापासून जितकं लांब जावं तितका हृदयविकार वाढत गेलेला दिसला. रक्त तेच होतं, बदललं होतं ताट आणि दिवसाची चाल.

आपल्या लोकांचंही तसंच. सिंगापूरला गेलेल्या भारतीयांत हृदयविकार जास्त आहे, हे तिथल्या डॉक्टरांनी १९५९ सालीच लिहून ठेवलं. पुढे इंग्लंड-अमेरिकेतही तेच दिसलं. २०१० पासून अमेरिकेत खास दक्षिण आशियातून गेलेल्या कुटुंबांचा 'मसाला' नावाचा अभ्यास चालू आहे. नाव गोड आहे, विषय मात्र तिखट! आपल्यात चरबी पोटाभोवती लवकर साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे अशा अभ्यासांतून पुढं आलं. आपल्याकडच्या देशांत पहिला झटका येण्याचं वयही इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं अलीकडे, त्रेपन्नच्या आसपास असल्याचं २००७ सालच्या एका मोठ्या पाहणीत आढळलं.

ज्यांची मुलं-सुना पुण्याला, दुबईला, अमेरिकेला आहेत त्यांनी हे त्यांना जरूर कळवावं. पण धाराशिवमध्ये फिरताना माझ्या मनात वेगळंच आलं. आपण कुठं परदेशी गेलो? तरी आपलं ताट गेलंच की! आमच्या मामेसासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी घरात ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, कारळाची आणि जवसाची चटणी, घाण्यावरचं करडईचं तेल. गोड सणालाच. आता शिवारभर सोयाबीन. ते विकायचं आणि पैसे घेऊन दुकानात जायचं. घरात मैद्याची बिस्किटं, फरसाण, पाकिटातला शेव-चिवडा, दिवसाकाठी चार-पाच कप साखरेचा चहा, सोबत टोस्ट. बैलगाडीच्या जागी मोटारसायकल आली, पाणी शेंदायच्या जागी नळ आला. नळ आला हे उत्तमच झालं. पण दिवसातलं चालणं गेलं ते गेलंच.

म्हणून तो अर्धा एकर महत्त्वाचा. भाकरीनं हृदयविकार बरा होतो असं मी म्हणत नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. पण भाकरी, डाळ, पालेभाजी, उसळ, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी हे ताट हृदयाला मानवणारं आहे आणि ते आपल्याला कुणाकडून शिकायचं नाही. फक्त चटणीत आणि लोणच्यात मिठाचा हात आखडता घ्यायचा. माणशी दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ. पापड, लोणचं, फरसाण धरून बरं का!

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांविषयीही इथंच सांगते. कळंब, वाशी, भूम, परांडा या भागांतून दिवाळीच्या सुमाराला जोडपीच्या जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन जातात. "कष्टाच्या अंगाला बी. पी. होत नाही" असं त्यांच्यात आणि आपल्यातही म्हणतात. ते खरं नाही. रक्तदाब कष्टकऱ्यालाही होतो. आणि गोळ्या चालू असल्या, तर त्या फडावर संपतात आणि मग कुणी घेत नाही. आपल्या घरी कामाला येणारी बाई किंवा शेतावरचं जोडपं निघालं असेल, तर "गोळ्या घेतल्यास का पुरेशा?" एवढं जरूर विचारावं.

देवीची झोप

नळदुर्गाहून तुळजापूर. महाद्वारातून आत शिरलं, की पायऱ्या खाली उतरत जातात. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ. उतरताना काही कळत नाही. दर्शन झालं, ओटी भरली, कवड्यांच्या माळा पाहिल्या, परडी घेतलेल्या आराधिणींना जोगवा दिला. देवळाच्या मागच्या बाजूला चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, दगड कुणीकडे फिरतो त्यावरून हो की नाही ते समजायचं, अशी श्रद्धा आहे. भोवती बायकांची गर्दी. मुलाला नोकरी लागेल का, मुलीचं जमेल का, ह्यांचं ऑपरेशन नीट होईल का. स्वतःविषयी विचारणारी एकही दिसली नाही.

परतताना पायऱ्या चढायच्या. अक्का तीनदा थांबल्या. "गुडघे गं," म्हणाल्या. पण हात गुडघ्यावर नव्हता, छातीच्या मधोमध होता. श्वास जोरजोरात चालला होता. पाच मिनिटं बसल्यावर ठीक झालं. चढताना त्रास आणि बसल्यावर आराम, ही खूण साधी समजू नये. हृदयाला काम वाढलं की रक्त कमी पडतंय, अशी ती तक्रार असू शकते. मी तेव्हा काही बोलले नाही. मनात मात्र गाठ मारून ठेवली.

तुळजापूरची एक गोष्ट आपण बायकांनी घ्यावी अशी आहे. भवानीमाता वर्षातून तीन वेळा मंचकी निद्रा घेते. शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. महिषासुराला मारणारी देवी, पण लढाईआधी झोप आणि लढाईनंतरही झोप! आणि आपण? सगळ्यांच्या नंतर निजायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सणाच्या दिवशी तर पाठ टेकायचीच नाही. रोज सहा तासांपेक्षा कमी झोप घेणाऱ्यांत रक्तदाब आणि हृदयविकार जास्त आढळतो. अक्कांना मी हे सांगितलं तर हसून म्हणाल्या, "देवीला पुजारी आहेत गं उठवायला-निजवायला, मला कोण आहे?" उत्तर खोडता आलं नाही. पण ही तक्रार घरातल्या पुरुषांच्या कानावर एकदा गेलीच पाहिजे.

तेरचं मडकं

तिसऱ्या दिवशी धाराशिव शहराजवळची लेणी पाहून आम्ही तेरला गेलो. बालाघाटाच्या डोंगरातली ही लेणी दीड हजार वर्षांच्या आसपासची. आतला विहार प्रशस्त, गार आणि शांत. तिथवरचं चालणं मोठं सुखाचं.

तेरणा नदीकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात या तगराचं नाव आहे. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायची आणि तिथून समुद्रापार. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती बाहुली आहे. विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ अवश्य पाहावं. पण तेरचं खरं दैवत गोरोबाकाका. संत गोरा कुंभार इथलेच. नदीकाठी त्यांची समाधी आहे.

त्यांची थापटण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, "काका, हे काय?" काका म्हणाले, "यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं." "मग आमची परीक्षा घ्या की!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे.

समाधीपाशी बसल्या बसल्या मला वाटलं, कुंभाराला सगळी मडकी बाहेरून सारखीच दिसत असणार. लाल, गोल, चांगली. वाजवून पाहिल्याशिवाय आतली चीर कळत नाही. उच्च रक्तदाबाचं नेमकं हेच आहे. डोकं दुखतंच असं नाही, चक्कर येतेच असं नाही. पुष्कळांना काहीही होत नाही. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्गच नाही.

तेरमध्ये आमच्या ओळखीच्यांची सून आरोग्यसेविका आहे. तिच्याकडे चहाला गेलो. मी तिला खुणावलं. तिनं चहा बाजूला ठेवला, अक्कांना पाठ टेकून पाच मिनिटं स्वस्थ बसवलं, बोलू दिलं नाही, हात टेबलावर ठेवून पट्टा बांधला. आकडा आला १७२-१००. थोड्या वेळानं पुन्हा मोजला, १६८-९८.

"अगं, पण मला काहीच होत नाही!" अक्का.

"काकू, म्हणूनच तर मोजायचं," ती शांतपणे म्हणाली. मग तिनं बरंच विचारलं. बाळंतपणात बी. पी. वाढला होता का? साखर वाढली होती का? पाळी कधी गेली? पायऱ्या चढताना काय होतं? अक्कांना धाकट्याच्या वेळी पायाला सूज येऊन बी. पी. वाढला होता. "ज्यांना गरोदरपणात हे होतं, त्यांना पुढं हृदयविकाराचा धोका जास्त असतो, त्यांनी दरवर्षी तपासायला हवं," असं तिनं सांगितलं. पस्तीस वर्षांत हे अक्कांना कुणी सांगितलं नव्हतं. पाळी गेल्यावरही धोका वाढतो, हेही त्या प्रथमच ऐकत होत्या.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी अक्कांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त, साखर, चरबी, ई. सी. जी., सगळं झालं. गोळ्या चालू झाल्या. हृदयाच्या पुढच्या तपासण्या चालू आहेत. झटका येण्याआधी कळलं, हे या तीर्थयात्रेचं पुण्य म्हणायचं.

पातेल्यातून झालेली क्रांती

परगावची एक हकीकत सांगून आवरते घेते. फिनलंड नावाच्या थंड देशात उत्तर कारेलिया म्हणून एक प्रांत आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या पुरुषांत हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण जगात सर्वांत वरच्यांपैकी होतं. लोकांनीच सरकारकडे मागणी केली आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टराच्या देखरेखीखाली मोहीम सुरू झाली. तिथल्या गृहिणींची 'मार्था' नावाची जुनी संघटना मोहिमेत उतरली. गावोगावी बायका जमायच्या, एकत्र स्वयंपाक करायच्या. नेहमीच्याच रश्श्यात लोणी-चरबी कमी आणि भाज्या जास्त घालून सगळ्यांना वाढायच्या. विड्या-सिगरेटी कमी झाल्या, मीठ कमी झालं, रक्तदाब मोजले गेले. चाळीसेक वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. अर्धी लढाई पातेल्यातच झाली!

आपले बचत गट, भिशी, भजनी मंडळं काय कमी आहेत? हळदीकुंकवाला वाणात प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी एखाद्या वर्षी आरोग्यसेविकेला बोलावून सगळ्यांचा रक्तदाब मोजला तर?

घरी आल्यावर एवढं करा

१. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासा. सरकारी उपकेंद्रावर ही तपासणी होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

२. शिवणकामाची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा ९०च्या आत असावा.

३. महिन्याला माणशी किती तेल लागतं ते वहीत लिहा. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तुपाला घरात जागा नको.

४. "घरकामात चालणं होतंच की" असं म्हणू नका. आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा तास सलग, भरभर चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत.

५. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणूनच बरं वाटतंय.

६. मिश्री आणि तंबाखू सोडा. एकटीनं जमत नसेल तर दोघी-तिघींनी मिळून सोडा.

७. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या मोठ्या उपचारांची सोय आहे. शिधापत्रिका आणि आधार एका पिशवीत, घरातल्या प्रत्येकाला सापडेल अशा जागी ठेवा.

जाण्याची सोय

नळदुर्गचे धबधबे पाहायचे तर पाऊस चांगला झाल्यावर, श्रावण-भाद्रपदात जावं. बांधावर पाय घसरतो, मुलांचा हात सोडू नये. तुळजापूरला नवरात्रात आणि पौर्णिमेला फार गर्दी असते. दम लागणाऱ्यांनी आणि वयस्करांनी ते दिवस टाळून साध्या वारी पहाटे जावं, पायऱ्या बसत बसत चढाव्यात. तेरला अर्धा दिवस पुरतो. थंडीत गेलात तर शेतावरचा हुरडा जरूर खा, सोबत शेवेऐवजी दही आणि जवसाची चटणी घ्या. कुंथलगिरी-भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे. पेढा घ्या, पण एक. आणि प्रवासात गोळ्यांचं पाकीट बॅगेच्या तळाशी नको. ओटीच्या सामानाबरोबर, हाताशी लागेल असं वर ठेवा.